जास्तीच्या पाण्याची वाट

इटियाडोह काठोकाठ भरला की पाणी आपसूक सांडव्यावरून उतरू लागते आणि 'इटियाडोह ओव्हरफ्लो' ही बातमी अर्जुनी मोरगावपासून लाखांदूर, वडसा, आरमोरीपर्यंत पोहोचते. शेतकरी ती आनंदाने ऐकतो. सांडवा वाहिला म्हणजे यंदाच्या धानाला शेवटचे पाणी मिळणार आणि उन्हाळी धानाचीही आशा धरायला हरकत नाही. गोठणगावजवळ गाढवी नदीवर बांधलेले हे मातीचे धरण १९७० मध्ये पुरे झाले. लांबी ५०५ मीटर, उंची तीस मीटरांच्या थोडी आत, साठवण सुमारे २९ कोटी घनमीटर. सांडव्यावरून गेलेले पाणी गाढवीतून वैनगंगेला मिळते.

त्याच वैनगंगेला पश्चिमेकडून कन्हान येऊन मिळते आणि कन्हानेत त्याआधी नागपूरची नाग नदी आलेली असते. पावसाळ्यातली नाग नदी शहरात शिरते ती अंबाझरी तलावाच्या सांडव्यावरून. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला. अंबाझरी आधीच भरलेला होता. तो ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी अशा वस्त्यांतून पाणी थेट सीताबर्डीपर्यंत गेले. माणसे झोपेत होती. काहींना जीव गमवावा लागला, हजारो घरांतला संसार चिखलात गेला.

दोन्ही ठिकाणी घडले ते एकच. जलाशय भरला आणि त्याने न मावणारे पाणी सोडून दिले. एका ठिकाणी तो दिवस शुभवार्तेचा ठरतो, दुसऱ्या ठिकाणी शोकाचा ठरला. हा फरक पाण्याच्या प्रमाणातून आलेला नाही. इटियाडोहपुढे अंबाझरी अगदीच लहान आहे. फरक सांडव्याच्या खाली आहे, आणि तो कसा पडत गेला हे पाहायचे तर याच वैनगंगेच्या खोऱ्यात तीनेकशे वर्षे मागे जावे लागते.

मातीच्या पाळीचा जीव

पूर्व विदर्भातला जुना तलाव म्हणजे उतारावर आडवी घातलेली मातीची पाळ. तिच्या पोटातून शेताला पाणी सोडायची सोय म्हणजे तुडुम. तुडुमातून निघालेले पाणी नहराने धानाच्या बांध्यांमध्ये जाते. पाळ आणि तुडुम चटकन नजरेत भरतात. तिसरा भाग सहसा बाजूला, पाळीच्या टोकापाशी असतो आणि आठ महिने तिकडे कोणाचे लक्षही जात नाही. तो सांडवा.

मातीची पाळ पाण्याचा दाब सोसते, पण डोक्यावरून वाहणारे पाणी तिला सोसत नाही. एकदा माथ्यावरून धार सुरू झाली की ती माती कापत खाली जाते, खाच वाढत जाते आणि काही तासांत पाळ फुटते. म्हणून पाळीच्या माथ्यापेक्षा खालच्या पातळीवर, मुरूम किंवा खडक असलेल्या पक्क्या जागी पाण्याला एक उघडी वाट ठेवावी लागते. तलाव त्या पातळीपर्यंत भरला की पुढचा प्रत्येक थेंब त्या वाटेने निघून जातो. दार उघडायला कोणी माणूस लागत नाही, रात्री कोणाला जागे राहावे लागत नाही. तलाव किती धरणार हे पाळ ठरवते, पण तलाव टिकणार की नाही हे सांडवा ठरवतो.

इटियाडोहचे धरण मातीचेच असल्याने त्यालाही हाच नियम लागू आहे. अभियंते बदलले, यंत्रे आली, आकार शेकडो पटींनी वाढला, तरी मातीच्या बांधाचा हा जुना करार तसाच राहिला.

कोहळ्यांची साखळी

हा करार या भागात ज्यांना पुरता ठाऊक होता ते म्हणजे कोहळी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातले बहुतेक मोठे तलाव याच समाजाने बांधले. चांद्याच्या गोंड राजांनी जंगल साफ करून तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन देण्याचे धोरण ठेवले होते, असे परंपरेने सांगितले जाते. धान आणि ऊस ही कोहळ्यांची पिके. दोन्हींना पाणी मुबलक लागते. पाऊस इथे चांगला पडतो, बाराशे मिलिमीटरच्या पुढे. पण तो चार महिन्यांत पडतो आणि धानाला ऐन भरणीच्या वेळी, पाऊस माघारी फिरल्यावर, आणखी एक-दोन पाणी हवे असते. तलाव हा त्या एक-दोन पाण्यांचा साठा.

इटियाडोहपासून फार लांब नसलेला नवेगावबांध हा या कामाचा सर्वांत मोठा नमुना. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याची नोंद जुन्या ग्रंथांत मिळते. 'सात बहिणी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या मधल्या खिंडी बांधून काढल्या आणि दहा-अकरा चौरस किलोमीटरचा जलाशय उभा राहिला. कोलू पाटलांना लोकांनी पुढे कोलासूर देव मानले. तलाव बांधणारा माणूस देव होतो, यातून त्या गावांनी पाण्याचे मोल कसे जाणले होते ते कळते.

पण कोहळ्यांचे खरे कौशल्य एका तलावात पाहू नये, ते तलावांच्या साखळीत पाहावे. टेकडीच्या पायथ्याशी छोटी बोडी, तिच्याखाली तलाव, त्याखाली आणखी मोठा तलाव, आणि मधल्या सगळ्या उतारावर धुऱ्यांनी बांधलेल्या धानाच्या बांध्या. वरची बोडी भरली की तिचे जास्तीचे पाणी खालच्या तलावाचा येवा होते. तो भरला की त्याच्या सांडव्याचे पाणी पुढच्याला. बांध्याही हेच करतात. प्रत्येक बांधी वीतभर पाणी धरते आणि धुऱ्याच्या फोडीतून उरलेले खालच्या बांधीला देते. पावसाचे पाणी नदीला पोहोचेपर्यंत असे टप्प्याटप्प्याने थांबत, मुरत, हात बदलत जाते.

या रचनेत सांडव्याखालची जमीन कधीच मोकळी नसते. तिच्यावर कोणाचा तरी डोळा असतो. वरच्या गावाच्या सांडव्यातून येणारी धार बुजली तर खालच्या गावाचा तलाव उपाशी राहणार, म्हणून खालचे गाव ती धार राखते. पाणी सोडणाऱ्याला त्या वाटेची काळजी थोडी कमी असली तरी चालून जाते, कारण घेणाऱ्याला ती पुरेपूर असते. कायदा नव्हता, नकाशावर रेषा नव्हती, पण जास्तीच्या पाण्याची वाट शतकभर अडली नाही. कारण त्या पाण्याला घेणारा होता.

घेणारा फक्त शेतकरीही नव्हता. पहिल्या मोठ्या पावसात चढणीचे मासे धारेविरुद्ध वर सरकतात, उथळ पाण्यात आणि बांध्यांमध्ये अंडी घालतात. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला ही वाट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. सांडवा आणि त्याखालचा ओहोळ मोकळा असेल तरच मासा वर येतो. म्हणजे पावसाळ्यात त्या वाटेवर आणखी एका समाजाची नजर असायची. या भागातल्या धानाच्या बांध्या आणि तलाव यांच्या मधल्या दलदलीत आजही सारस क्रौंच घरटी करतो. महाराष्ट्रातले सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात.

हे सगळे गोड गोड नव्हते, हेही लिहिले पाहिजे. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि त्या दशकात ब्रिटिशांनी गावाचा सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांना गावांची मालकी दिली. तलावही त्यांचे झाले. पाळीवर माती टाकणे, गाळ काढणे, सांडव्याची डागडुजी ही कामे गावकऱ्यांकडून अनेकदा बेगारीने करून घेतली जात. पाणी वाटपातही गावाच्या उतरंडीचे प्रतिबिंब पडे. साखळी टिकली त्यात हितसंबंध होते आणि जबरदस्तीही होती. पुढे जबरदस्ती गेली, हे योग्यच झाले. पण तिच्या जागी राखणीची दुसरी व्यवस्था आली नाही.

मालक बदलला

१९५० चा मालकी हक्क नष्ट करणारा मध्य प्रदेशचा कायदा ३१ मार्च १९५१ पासून लागू झाला आणि मालगुजारी संपली. तलाव सरकारचे झाले. आज सरकारी कागदांत त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणतात आणि लोक 'मामा तलाव'. पूर्व विदर्भात असे जवळपास सात हजार तलाव आहेत. पुढे भाषावार प्रांतरचनेत हा भाग आधी मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव त्यांच्याकडे, मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. शेतकऱ्याला पूर्वी हक्काने मिळणाऱ्या पाण्यावर पाणीपट्टी बसली. जो तलाव गावाचा होता तो खात्याचा झाला, आणि खात्याच्या तलावाचा गाळ गावाने का काढायचा, असा प्रश्न उभा राहिला.

याच काळात इटियाडोह आला. एका मोठ्या धरणाचे नहर तीन जिल्ह्यांत पोहोचले, हजारो शेतकऱ्यांना हमखास पाणी मिळाले, आणि त्याची किंमत कमी लेखता येणार नाही. पण जिथे नहराचे पाणी आले तिथे वरच्या तलावाच्या सांडव्यावर अवलंबून राहायची गरज कमी झाली. गरज कमी झाली तशी नजर हलली. ओहोळांत झुडपे वाढली, तलावांच्या पोटात बेशरम ही उपद्रवी वनस्पती माजली, कुठे बुडीत क्षेत्रात शेती आली, कुठे सांडव्याची पातळी कोणी आपल्या सोयीने उंचावली तर कोणी खाली आणली. साखळी एका दिवसात तुटली नाही. एकेक कडी कोणाच्याच कामाची उरली नाही, इतकेच.

ती पुन्हा जोडायचे काम याच अर्जुनी मोरगाव तालुक्यातून सुरू झाले, ही मोठी गोष्ट आहे. 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेने ढिवर समाजातल्या स्त्रिया आणि मच्छीमार संस्था यांच्यासोबत तलावांतली बेशरम उपटली, तळाची नांगरट केली आणि स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या. देशी मासे परतू लागले, पाखरे परतली. या कामाचे मर्म असे की सुरुवात पाळीपासून किंवा सिमेंटपासून झाली नाही. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे त्यांच्यापासून झाली.

बिनींचे मोजमाप

आता सांडवा शहरात कसा गेला ते पाहू. नागपूर वसवले देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने, अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. त्याचा मुलगा चांद सुलतान याने शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, बांधला. पुढे भोसल्यांच्या काळात आणखी तलाव झाले. म्हणजे हे शहरही तलाव बांधणाऱ्या गोंडांच्याच परंपरेतले. पश्चिमेच्या लाव्हा परिसरातल्या टेकड्यांवरून येणारा नाग नदीचा प्रवाह जिथे अडवला तो अंबाझरी. १८७० च्या आसपास ब्रिटिशांनी त्याचा बांध वाढवून शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी तो तयार केला. त्या कामावर होता अलेक्झांडर बिनी नावाचा तरुण अभियंता.

बिनींनी नुसता बांध उभा केला नाही. त्यांनी १८६९ आणि १८७२ या दोन वर्षांत नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात पडलेला पाऊस मोजला आणि त्यातला किती वाहून आला तेही मोजले. त्यातून जे कोष्टक निघाले ते 'बिनींची टक्केवारी' म्हणून विदर्भ आणि मध्य प्रदेशात दीर्घकाळ वापरले गेले आणि आजही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शिकवले जाते. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्यातला १५ टक्केच वाहून येतो. ८०० मिलिमीटरला २९ टक्के, १,००० मिलिमीटरला ३८ टक्के, १,१०० मिलिमीटरला ४० टक्के.

या आकड्यांत दोन गोष्टी दडल्या आहेत. पहिली, त्या काळच्या नागपूरच्या माळरानात आणि शेतांत भरपूर पावसाच्या वर्षीही निम्म्याहून जास्त पाणी जमिनीत मुरत होते किंवा हवेत जात होते. जमीन हाच पहिला आणि सर्वांत मोठा तलाव होता. दुसरी, पावसाळा जसा पुढे सरकतो तसा वाहून येणारा वाटा वाढत जातो. जूनचा पाऊस तहानलेली जमीन पिऊन टाकते. सप्टेंबरच्या पावसाला ती जागा देऊ शकत नाही, कारण तिचे पोट भरलेले असते आणि तलावांचेही.

म्हणून २३ सप्टेंबर ही तारीख महत्त्वाची. पुण्यात आंबिल ओढ्याला जीवघेणा पूर आला तोही २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री. दोन्ही वेळा पावसाळा संपत आला होता, लोक निर्धास्त होत चालले होते, आणि जमीन व तलाव दोन्ही तृप्त होते. बिनींच्या कोष्टकातला हा धडा दीडशे वर्षे नागपुरातच पडून आहे. बिनी पुढे लंडनच्या कौंटी कौन्सिलचे मुख्य अभियंता झाले आणि १८९१ मध्ये बेंजामिन बेकर यांच्यासह त्यांनी लंडनच्या सांडपाणी व्यवस्थेवर अहवाल दिला. नागपूरच्या पावसात शिकलेला माणूस एका महानगराच्या गटारांची दिशा ठरवायला गेला. ज्या पाणलोटावर तो शिकला त्या पाणलोटाचे मात्र प्लॉट पडले. तिथे छपरे आणि काँक्रीट आले, आणि तिथे पडलेल्या पावसाचा बहुतांश भाग आता थेट वाहतो. सांडव्याची रुंदी जुन्या माळरानाच्या हिशेबाची राहिली आणि येणारे पाणी नव्या शहराच्या हिशेबाचे झाले.

तीन शहरे, एकच चूक

महाराष्ट्रातल्या तीन मोठ्या शहरांतले अलीकडचे घातक पूर शेजारी ठेवून पाहिले की एक साम्य ठळकपणे दिसते. तिन्ही ठिकाणी पाणी आले ते एखाद्या तलावाच्या सांडव्याखालच्या वाटेने.

नागपूरची नाग नदी अंबाझरीच्या सांडव्यातून आणि पिवळी नदी १९१२ च्या गोरेवाडा तलावाखालून शहरात येते. पुण्याचा आंबिल ओढा कात्रजच्या तलावाखालून निघतो. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला तलाव बांधून नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत नेले होते. २०१९ च्या त्या रात्री पुणे आणि परिसरात वीसहून जास्त माणसे गेली. मुंबईची मिठी नदी विहार आणि पवई या तलावांच्या जास्तीच्या पाण्याने सुरू होते. विहार १८६० चा, मुंबईला नळाचे पहिले पाणी देणारा. पवई १८९१ चा. तिथून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे अठरा किलोमीटरच्या वाटेत मिठीवर काय काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. विमानतळाच्या धावपट्टीखालून तिला जावे लागते, काटकोनात वळावे लागते, आणि मुखाशी जिथे तिवरांची दलदल पसरलेली होती तिथे वांद्रे-कुर्ला संकुल उभे आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. राज्यात त्या दिवसांत हजारावर माणसे दगावली.

तिन्ही शहरांनी तलाव लक्षात ठेवला. तलावाला नाव आहे, काठावर उद्यान आहे, संध्याकाळी फिरायला जागा आहे. सांडव्याखालची पट्टी मात्र विसरली गेली, कारण अकरा महिने तीत पाणी नसते आणि शहरात कोरडी जमीन म्हणजे मोकळी जमीन. अंबाझरीच्या सांडव्यासमोर उभे राहिलेले स्मारक, नाग नदीच्या पात्राला भिडलेली बांधकामे, अरुंद पूल, हे प्रश्न २०२३ नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. न्यायालयाने लक्ष घातल्यावर बांध मजबूत करायच्या आणि सांडवा सुधारायच्या कामांना गती आली. ती हवीच आहेत. पण सांडवा रुंद केला आणि त्याखालची वाट अरुंदच राहिली, तर पाणी अधिक वेगाने त्याच घरांत जाईल.

कायदा नाही असेही नाही. पाटबंधारे विभागाच्या १९८९ च्या परिपत्रकापासून महाराष्ट्रात नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखायची पद्धत आहे. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत निर्बंध. मुंबईत 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने १९९३ मध्येच ताशी २५ ऐवजी ५० मिलिमीटर पाऊस वाहून नेणारी गटारे सुचवली होती. २००५ नंतर माधव चितळे समितीने मिठीचा बारकाईने अभ्यास केला. नाग नदीसाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांची प्रदूषणमुक्तीची योजना केंद्राने मंजूर केली आहे. ती मुख्यतः मलजलाची आहे, आणि शेवटी वैनगंगेवरच्या गोसेखुर्दच्या जलाशयाला तिचा फायदाच होईल.

रेषा आहेत, अहवाल आहेत, निधीही आहे. तरी दरवर्षी मे महिन्यात नालेसफाईचे कंत्राट निघते, गाळ काठावर काढून ठेवला जातो आणि पहिल्या पावसात त्यातला बराचसा पुन्हा आत जातो. कारण नकाशावरच्या रेषेला जमिनीवर राखणारा नाही. खालच्या गावाची गरज हा जो राखणदार कोहळ्यांच्या साखळीत फुकट मिळत होता, तो शहराने कधी नेमलाच नाही. शहरात जास्तीचे पाणी कोणालाच नको असते. वरच्या वस्तीला ते लवकर घालवायचे असते, खालच्या वस्तीला ते येऊ नये असे वाटते. जे पाणी कोणालाच नको, त्याची वाट कोण राखणार?

घेणारा हवा

मोठे शहरही घेणारा उभा करू शकते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. कोलकात्याचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी कालव्यांनी पूर्वेकडच्या पाणथळ जमिनीत जाते. तिथल्या भेड्यांमध्ये, म्हणजे उथळ मत्स्यतळ्यांत, त्या पाण्यावर मासे वाढवले जातात, भाजीपाला पिकतो. सुमारे १२,५०० हेक्टरची ही पाणथळ २००२ मध्ये रामसर यादीत आली. तिच्यावरही बांधकामाचा दबाव मोठा आहे. पण ती इतकी वर्षे टिकली ती तिथल्या मच्छीमारांमुळे. कालव्यात पाणी आले नाही तर त्यांची तळी सुकतात, म्हणून कालवा बुजला की तक्रार सर्वांत आधी त्यांची येते.

नागपुरातही हे अशक्य नाही. अंबाझरीच्या सांडव्याखाली उद्यानाची जागा आहे, पुढे नदीकाठी महाराजबाग आहे, कृषी महाविद्यालयाची जमीन आहे. सप्टेंबरच्या एखाद्या रात्री दोन-चार फूट पाणी धरून सावकाश सोडणारी बांधी म्हणून अशा जागा घडवता येतात. वर्षाचे उरलेले दिवस तिथे बाग राहील, शेत राहील, मैदान राहील. शाळेच्या, महाविद्यालयाच्या, क्रीडासंकुलाच्या मैदानांनाही हेच लागू आहे. पाणी एका जागी अडवायचे नाही आणि एका दमात घालवायचेही नाही, ते हातोहात खाली द्यायचे, हीच कोहळ्यांची रीत. शहराच्या तलावांवर आजही मच्छीमार संस्था आहेत. तलाव आणि त्याखालची वाट या दोन्हींच्या राखणीत त्यांना हक्क आणि मोबदला दिला, तर वर्षभर नजर ठेवणारी माणसे मिळतील. मे महिन्यातल्या कंत्राटाने जे साधत नाही ते त्यांना साधेल, कारण त्यांचा मासा त्या पाण्यात आहे.

याला कागदाचीही जोड हवी. सांडव्यापासून नदीपर्यंतची पट्टी, तीत पाणी असो वा नसो, तलावाचाच भाग म्हणून नोंदली गेली पाहिजे. आज पाळ एका खात्याची, पाणी दुसऱ्याचे, उद्यान तिसऱ्याचे, आणि खालची जमीन वेगवेगळ्या सातबाऱ्यांत विभागलेली असते. पूर्व विदर्भातल्या गावकऱ्याला विचारा, तो पाळीबरोबर तुडुम मोजेल आणि सांडवाही मोजेल. शहराच्या दप्तरातही तलावाची व्याख्या तितकीच पुरी असायला हवी. बांधकामाची परवानगी देणाऱ्या टेबलावर पहिला प्रश्न हा असावा की या जागेवर वरून कोणाचे पाणी येते आणि ते पुढे कोणाकडे जाते.

इटियाडोहखालच्या शेतकऱ्याला सांडव्याची भीती वाटत नाही, असे म्हणणे खोटे ठरेल. गाढवीला मोठा पूर आला की काठच्या शेतांचे नुकसान होते आणि रस्ते बंद पडतात. पण त्याच्या मनात सांडव्याचे पाणी ही येणारी वस्तू आहे. ते कुठून उतरते, कुठल्या वाटेने येते, कोणापर्यंत जाते हे त्याला ठाऊक असते. नागपूर, पुणे, मुंबई इथे राहणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना आपल्या घराच्या वर कोणता तलाव आहे आणि तो भरला तर पाणी कुठल्या गल्लीने येईल हे सांगता येईल? शहरातली नैसर्गिक पाणवाट राखायची पहिली पायरी तीच आहे. प्रत्येक प्रभागाने आपला सांडवा ओळखावा, त्याखालची वाट पायी चालून पाहावी आणि ते पाणी घेणारी जागा व माणसे नावानिशी ठरवावीत. पुढचा सप्टेंबर येण्याआधी हे करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी नवे धरण बांधावे लागत नाही.